धसका : वाचावा की पाहावा?

गेल्या पाच-सहा वर्षांत ओळखीच्या तीन-चार घरांतून मला जवळपास एकाच शब्दांत विचारणा झाली आहे. घरातले एखादे माणूस एखाद्या प्रसंगानंतर पूर्वीसारखे राहिलेले नाही, डॉक्टरांचे औषध सुरू आहे किंवा सुरू करायचे आहे, परंतु त्या माणसाच्या मनात काय चालत असेल याचा काही अंदाज यावा म्हणून घरच्यांनी एखादे पुस्तक वाचावे की चित्रपट पाहावा, असा तो प्रश्न असतो. मी समीक्षक नाही आणि मानसशास्त्राचा अभ्यासकही नाही. मात्र हाच निर्णय मला एकदा घ्यावा लागला, तोही स्वतःपुरता नव्हे तर दहा-बारा जणांच्या एका छोट्या मंडळासाठी, आणि त्या निमित्ताने दोन्ही गोष्टी करून पाहिल्या. मानसिक आघात म्हणजे काय, पीटीएसडीची, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या मनोविकाराची, लक्षणे कोणती, हे आता बहुतेकांना ठाऊक असते, त्यामुळे त्यात शिरत नाही.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, सांगलीत गावभागात राहते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट धरतात, एवढे सांगितले म्हणजे बाहेरगावच्या वाचकाला कल्पना येईल. अक्का आणि दाजी दोन रात्री वरच्या मजल्यावर होते. वीज नव्हती. अक्का थोड्या थोड्या वेळाने बॅटरी घेऊन जिन्याच्या तोंडाशी जाई आणि किती पायऱ्या पाण्याखाली गेल्या ते मोजी. सतरापैकी अकरा पायऱ्या गेल्यावर बोट आली. दोघेही सुखरूप माझ्याकडे विश्रामबागेत आले, पाणी ओसरल्यावर घर धुऊन झाले, पंचनामा झाला, आणि प्रकरण मिटले असे आम्ही धरून चाललो. पुढच्या जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा ते मिटलेले नाही हे कळले.

आपल्या भाषेत याला धसका म्हणतात, आणि मला हा शब्द आघातापेक्षा नेमका वाटतो. आघात होतो आणि होऊन जातो. धसका मात्र बसतो, किंवा माणूस तो घेतो. हाय तर आपल्याकडे चक्क खाल्ली जाते. बाहेरची एखादी वस्तू आत जाऊन राहिली आहे, ही समज या क्रियापदांतच आहे. मग ती आत राहिलेली वस्तू कोण अधिक चांगली दाखवते, लेखक की दिग्दर्शक, हा माझ्यापुरता तुलनेचा खरा मुद्दा होता.

आमचे मंडळ महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमते. अक्का आणि दाजी त्यात सुरुवातीपासून आहेत. मिरजेतील एका परिचित मानसोपचारतज्ज्ञांनी सुचवले की पूरग्रस्त घरांतली इतकी माणसे तुमच्याकडे येतात, तर या विषयावर एखादी बैठक ठेवा. उपदेश मात्र नको. सर्वांचे मत पहिल्यांदा चित्रपटाकडे झुकले, आणि माझेही. दोन तासांत विषय पुरा होतो, कोणी घरून वाचून यावे लागत नाही, आणि अंधारात शेजारी-शेजारी बसून पाहण्यात एक प्रकारचा आधार असतो. ही शेवटची गोष्ट मी आजही कमी लेखत नाही. पुस्तक माणसाला एकटे पाडते, आणि ज्याला आधीच एकटे वाटत आहे त्याच्या हाती ते देताना विचार करावा लागतो.

चित्रपटाच्या बाजूने आणखी एक मोठी गोष्ट सांगितली पाहिजे. धसका घेतलेल्या माणसाची एकाग्रता जाते. महापुरानंतर सहा महिने अक्काला वर्तमानपत्रातली अर्ध्या स्तंभाची बातमीही पुरी वाचवत नव्हती. ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात हातातून सुटे. अशा माणसाला कादंबरी देणे म्हणजे पाय मोडलेल्याला सज्जनगडाच्या पायऱ्या दाखवणे होय. चित्रपट मात्र तिला पाहता येई, निदान समोर बसता येई. शिवाय कॅमेरा माणसाला बाहेरून पाहतो, आणि घरची माणसेही नेमकी तेथेच, बाहेर, उभी असतात. समोरचा माणूस ताटातला घास हातात धरून थांबला आहे आणि कोठे पाहतो आहे ते कळत नाही, हा अनुभव रुग्णाचा नसून त्याच्यासोबत जेवायला बसलेल्यांचा असतो. तो अनुभव चांगला नट एका मिनिटात देतो. लेखकाला त्यासाठी बरेच लिहावे लागते आणि तरी चेहरा दिसत नाहीच.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' पाहिलेल्यांना मला काय म्हणायचे आहे ते लगेच कळेल. त्यातला विषय नैराश्याचा आहे, तंतोतंत आघाताचा नाही. पण एका खचलेल्या तरुणाला घरात घेऊन त्याच्या कलाने, त्याच्या शेजारी नुसते असणे ही गोष्ट किती कष्टाची असते, हे तेथे इतक्या सावकाश दाखवले आहे की काळजी घेणाऱ्याला त्यातून शिकायला मिळते. त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले ते योग्यच झाले. केवळ सोबत करणाऱ्यासाठी काही शोधत असाल, तर येथपर्यंतचे वाचून थांबलात आणि चित्रपट निवडलात तरी माझी हरकत नाही.

आता ज्या बैठकीने माझे मत फिरवले तिच्याकडे येतो. दिवाणखान्यात पांढरी चादर बांधून, भाड्याच्या प्रोजेक्टरवर आम्ही एक हिंदी चित्रपट दाखवला. त्याचे नाव घेत नाही, कारण तो वाईट नव्हता आणि त्याचा जो दोष सांगणार आहे तो त्याच्या एकट्याचा नाही. नायकाला एका अपघाताचा धक्का बसलेला आहे. रस्त्यावर ब्रेक करकचला की त्याच्या कानात बारीक शिट्टी वाजू लागते, पडद्यावरचे रंग उडून राखाडी होतात, आणि अपघाताचा प्रसंग सुरू होतो: गाडी, पाऊस, समोरून येणारे दिवे, शेजारच्या सीटवरची बायको. प्रत्येक वेळी प्रसंग थोडा पुढे सरकतो आणि नेमक्या जागी तुटतो, म्हणजे शेवटचा तुकडा मध्यंतरानंतर पाहायला मिळावा. दृश्ये उत्तम घेतली होती. मंडळातले निम्मे लोक डोळे पुसत होते.

अक्का पुसत नव्हती. पाण्याची दृश्ये आली तर तिला त्रास होईल म्हणून मी आधी चित्रपट तपासून घेतला होता, आणि पूर कोठेही नव्हता. चहाच्या वेळी मी तिला कसे वाटले ते विचारले. ती म्हणाली, "चांगला होता रे. पण मला असं काही दिसत नाही. मला आधी वास येतो. मग हात गार पडतात. काय आठवलं ते मागनं कळतं, कधी कळतही नाही." वास कसला, हे मी विचारले नाही, कारण तो आम्हा सर्वांना माहीत होता. पूर ओसरल्यावर गावभागात पहिल्यांदा घरे उघडली तेव्हा पोत्यांत भिजून आंबलेल्या ज्वारीचा जो वास आला होता, तो त्या वर्षी पूर पाहिलेला कोणीही विसरलेला नाही.

तेव्हापासून चित्रपटातला फ्लॅशबॅक मला खुपू लागला, आणि आता तो इतका खुपतो की माझ्या निवडीत बाकी सगळे मुद्दे मिळूनही त्याच्या वजनाला पुरत नाहीत. हे न्याय्य आहे असा माझा दावा नाही. परंतु विचार केला तर अडचण खरी आहे. कॅमेऱ्याला काहीतरी दाखवावेच लागते, आणि तो जे दाखवतो ते पडद्यावर आत्ता घडत असते. म्हणून आठवण दाखवायची झाली की तो घडलेली गोष्टच पुन्हा घडवतो, स्वच्छ, क्रमाने, चारी बाजूंनी उजेड टाकून. प्रत्यक्षात धसका बसलेल्या माणसाकडे बहुधा नसते ते हेच. त्याच्याकडे वास असतो, मानेतला ताठरपणा असतो, कारण नसताना आलेला राग असतो. चित्र असलेच तर एखादा तुकडा, त्यालाही मागचे-पुढचे काही नसते. फ्लॅशबॅक पाहून घरच्यांची समजूत होते की याच्या डोक्यात एक फीत आहे आणि ती पुन्हा पुन्हा फिरते, तेव्हा ती एकदा पूर्ण सांगून टाकली की मोकळा होईल. आमच्या दाजींची हीच समजूत झाली. त्या आठवड्यात त्यांनी अक्काला दोनदा समोर बसवून, काय काय आठवते ते सगळे सांगून टाक, असा आग्रह केला. त्यांचा हेतू प्रेमाचाच होता. अक्का तीन दिवस कोणाशीच बोलली नाही.

यात दाजींना दोष देता येणार नाही, कारण पडद्यावर हा उपाय फार जुना आहे. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९४५ च्या 'स्पेलबाउंड'मध्ये साल्वादोर दाली यांनी आखलेले स्वप्नदृश्य आहे. त्या स्वप्नाचा उलगडा होतो, दडपलेली आठवण वर येते, गाठ सुटते. कथेच्या दृष्टीने हे सोयीचे आहे, रहस्यकथेसारखे शेवटी कुलूप उघडते. दवाखान्यात असे होत नाही. प्रसंग घडल्यावर माणसाला लगेच एका बैठकीत बसवून सगळे बोलायला लावणे हा उपचार नव्हे, आणि तो वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी आम्हाला हेच जरा झापून सांगितले: आधी सुरक्षितपणा, झोप, रोजचा दिनक्रम, बोलणे त्यानंतर, तिच्या मनाने आणि तिला झेपेल तेवढे.

अपवाद आहेत, आणि ते सांगितले नाहीत तर तुलना एकतर्फी होईल. आलँ रेने यांच्या १९५९ च्या 'हिरोशिमा मों आमूर'मध्ये एक फ्रेंच नटी सकाळी झोपलेल्या जपानी प्रियकराकडे पाहत उभी आहे. झोपेत त्याचा हात किंचित हलतो. एका क्षणासाठी पडद्यावर दुसरा हात येतो, तशाच अवस्थेतला, कोणा मरणाऱ्या माणसाचा; आणि आपण डोळे चोळेपर्यंत तो गेलेला असतो. तो कोणाचा हे बरेच पुढे कळते. अक्काच्या 'मागनं कळतं' याच्या इतके जवळ गेलेला दुसरा चित्रपट मी पाहिलेला नाही. आरी फोलमन यांच्या २००८ च्या 'वॉल्ट्झ विथ बशीर'मध्ये तर नायकाला लेबनॉनच्या युद्धातले काही आठवतच नाही, आणि जे एक दृश्य आठवते त्याचीही खात्री देता येत नाही. तो सगळा चित्रपट रेखाटलेला आहे आणि शेवटची काही क्षणचित्रे तेवढी प्रत्यक्ष बातमीपटातली आहेत. दोन्ही चित्रपट अप्रतिम आहेत. मात्र आमच्या मंडळात मी ते लावू शकलो नसतो. एक फ्रेंच, एक हिब्रू, दोन्ही खालची अक्षरे वाचत पाहायचे; ज्यांना ओळ धरवत नाही त्यांना ते वाचनाइतकेच जड.

पुस्तकांकडे वळलो तेव्हा पहिल्यांदा जे जाणवले ते व्याकरणाचे होते, आणि हे ऐकून काहींना हसू येईल. मराठीत रीती भूतकाळ आहे. 'पाऊस लागला की अक्का रात्री उठे, जिन्याच्या तोंडाशी जाई, पायऱ्या मोजी आणि परत येऊन पडे.' या एका वाक्यात चार पावसाळे आले. ती पायऱ्या एकदा मोजत नाही, दहादा मोजत नाही. मोजणे हीच तिची रात्र झाली आहे, हे त्या 'मोजी'मध्ये आपोआप बसते. चित्रपटाला हे सांगण्यासाठी एकतर तोच प्रसंग चार वेळा दाखवावा लागेल, किंवा तीन-चार तुकडे जोडून वर संगीत लावावे लागेल, आणि संगीत लावले की ती रात्र सुंदर दिसू लागते. धसक्याचा मुख्य गुण पुनरावृत्ती हाच असेल, तर जिच्या क्रियापदातच पुनरावृत्ती आहे ती भाषा येथे एक पाऊल पुढे आहे, असे मला वाटते.

दुसरे म्हणजे नकार. 'अक्का कोठीच्या खोलीत जात नाही.' हे वाक्य मी लिहिले आणि तुम्हाला कळले. कॅमेऱ्यासमोर कोठीची खोली दाखवली तर ती नुसती खोली दिसते. अक्काचे तेथे न जाणे तीत दिसत नाही. त्यासाठी कोणीतरी पात्र आणून त्याच्या तोंडी, 'तुम्ही त्या खोलीत कधीच का जात नाही,' असा संवाद घालावा लागतो. घाबरून किंचाळणे पडद्यावर उठून दिसते, टाळणे दिसत नाही. आणि माझा अनुभव असा की घरातले खरे हाल या टाळण्याने होतात: वाटा बदलतात, नातेवाईकांकडे जाणे बंद होते, डाळ-तांदूळ कोठीऐवजी पलंगाखाली येतात आणि घरातल्या कोणाला त्याचे कारण विचारायचे भान राहत नाही.

मंडळात वाचायला मी प्रथम सआदत हसन मंटो यांची 'खोल दो' काढली, मराठी अनुवादातून. फाळणीच्या धामधुमीत सिराजुद्दीनची मुलगी सकीना हरवते. तिला शोधून आणायला निघालेले स्वयंसेवक भेटतात. शेवटी ती एका छावणीतल्या दवाखान्यात निपचित पडलेली आढळते. डॉक्टर खोलीत येतो आणि खिडकीकडे बोट दाखवून ती उघडायला सांगतो. उघडण्याचा तो शब्द कानावर पडताच सकीनाचा निर्जीव हात हलतो आणि सलवारीच्या नाडीकडे जातो. बाप आनंदाने ओरडतो की मुलगी जिवंत आहे. डॉक्टर घामाने निथळतो. गोष्ट संपते. मधल्या दिवसांत तिच्यावर काय गुजरले याविषयी मंटो एक ओळही लिहीत नाहीत, आणि त्याची गरजही राहत नाही. देहाने कोणता शब्द कसा लक्षात ठेवला आहे तेवढे एका हालचालीत येते. आठवण येथे चित्र होऊन येत नाही. एक साधा, घरगुती शब्द कानावर पडतो आणि त्याचा अर्थ कायमचा बदललेला असतो.

कबूल करतो की ही कथा निवडण्यात माझी चूक झाली. वाचून झाल्यावर खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही आणि दोन वयस्कर भगिनी पुढच्या बैठकीला आल्या नाहीत. कथा श्रेष्ठ असणे आणि ती अशा मंडळात मोठ्याने वाचण्याजोगी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही एकट्याने वाचणार असाल तर मात्र अवश्य वाचा.

व्हर्जिनिया वुल्फ यांची १९२५ ची 'मिसेस डॅलोवे' मी स्वतःसाठी वाचली. तीत सेप्टिमस नावाचा पहिल्या महायुद्धातून परतलेला तरुण आहे. कादंबरी लंडनमधल्या एका दिवसाची आहे आणि रणांगणाचा सविस्तर प्रसंग तीत नाही. रस्त्यात मोटारीचा आवाज होतो, चिमण्या ग्रीक भाषेत गातात असे त्याला ऐकू येते, मेलेला वरिष्ठ झाडांआडून येतो असे वाटते, आणि डॉक्टर त्याला विशेष काही झालेले नाही असे सांगतात. त्या काळी इंग्लंडात सैनिकांच्या अशा धसक्याला शेल शॉक, म्हणजे तोफगोळ्यांचा धक्का, म्हणत. चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी १९१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लिहिल्यापासून हा शब्द वैद्यकात रुळला. वाचताना माझे मन सारखे साताऱ्याकडे जात होते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जवान त्याच महायुद्धात कामी आले, गावाला मिलिटरी अपशिंगे हे नाव पडले, त्यांचे स्मारक आहे. जे परत आले त्यांपैकी कोणी रात्री दचकून उठत असतील, तर त्यांच्यावर कादंबरी झाल्याचे माझ्या तरी वाचनात नाही आणि चित्रपट झाल्याचे पाहण्यात नाही. घरात त्यांना तापट म्हटले गेले असेल.

आपल्याकडचे लेखन या विषयात मागे आहे, असे कोणी म्हटले की मी दोन पुस्तके पुढे करतो. एक म्हणजे सांगली जिल्ह्यातल्याच माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकर यांची 'वावटळ', गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये आमच्या भागातल्या खेड्यांतून झालेल्या जाळपोळीवरची. माडगूळकर आवाज चढवत नाहीत, आणि त्यामुळेच ती वाचताना पोटात कालवते. दुसरे म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या लक्ष्मण माने यांचे आत्मकथन 'उपरा'. ते १९८० मध्ये आले. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत पीटीएसडी हे नाव प्रथम स्वीकारले. त्या निदानाला सुरुवातीपासून एक ठळक घटना लागते: युद्ध, अपघात, हल्ला. 'उपरा'मधल्या कैकाडी मुलाच्या आयुष्यात अशी एकच घटना वेगळी काढता येत नाही. अपमान रोजचा, उपास रोजचा, एका गावातून उठून दुसऱ्या गावाच्या कडेला पाल टाकणे नेहमीचे. बारा वर्षांनी, १९९२ मध्ये, ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी दीर्घकाळ चाललेल्या छळाच्या परिणामांसाठी वेगळ्या निदानाची गरज मांडली. दलित आणि भटक्या समाजातल्या आत्मकथनांनी तोवर ती गोष्ट आपल्या पद्धतीने लिहून ठेवली होती. चित्रपटालाही घटनाच लागते, तारीख-वार असलेली. रोज थोडे थोडे कुरतडले जाणे दोन तासांत मावत नाही, आणि मावलेच तर प्रेक्षक घड्याळ पाहू लागतो.

पुस्तकांचे दोष काही कमी नाहीत. आपल्याकडच्या कित्येक मानसशास्त्रीय म्हणवणाऱ्या कादंबऱ्यांत चौथ्या प्रकरणात एक डॉक्टर येतो आणि पाच पाने व्याख्यान देतो. काही लेखकांना मन म्हटले की अंधारी गुहा, खोल विहीर आणि तडा गेलेला आरसा यांपलीकडे काही सुचत नाही. अशा पुस्तकात धसका दिसत नाही, लेखकाचे अलंकार दिसतात. वाईट फ्लॅशबॅक निदान दोन मिनिटांत संपतो, वाईट उपमा तीनशे पाने पुरते. म्हणून पुस्तक निवडताना मी एक ढोबळ कसोटी लावतो. मधले कोणतेही पान उघडावे आणि त्या पानावर माणूस काही साधे काम करताना दिसतो का ते पाहावे: भाजी निवडतो आहे, कडी लावतो आहे, बसची वाट पाहतो आहे. तसे असेल तर पुस्तक बहुधा विश्वासाचे. नुसता विचारच करत बसलेला असेल तर परत ठेवावे.

शेवटी आम्ही वाचून दाखवण्यावर स्थिरावलो. सांगलीसारख्या नाटकाच्या गावात अभिवाचनाला माणसे मिळण्याची अडचण नव्हती. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ इतके संथ आणि सपाट वाचतात की त्यांना नाटकात कोणी घेतले नसते, पण या कामाला त्यांच्यासारखा आवाज नाही. ज्यांना ओळ धरवत नाही त्यांची अडचण ऐकण्याने बरीच कमी होते. शेजारी-शेजारी बसण्याचा जो आधार चित्रपटात होता तोही राहतो. आणि वाचणारा थांबू शकतो. हे मला फार महत्त्वाचे वाटते. एकदा एका कथेत कुजक्या धान्याचा उल्लेख येणार होता, तो कोणाच्याच लक्षात आला नव्हता. त्या गृहस्थांनी पुढची ओळ डोळ्यांनी आधी पाहिली, चष्मा काढून पुसला, आणि तो परिच्छेद गाळून पुढे वाचू लागले. अक्काला काही कळले नाही. मला कळले, कारण माझ्या हातात दुसरी प्रत होती. प्रोजेक्टरही थांबवता येतो हे खरे. पण तोपर्यंत चित्र येऊन गेलेले असते, आणि मग सगळे जण मागे वळून पाहतात की कोणासाठी थांबवला.

तेव्हा कोणी विचारले तर मी असे सांगतो. तुम्ही त्या माणसाच्या सोबतीला असाल, वाचनाची सवय नसेल आणि हाताशी दोनच तास असतील, तर सावकाश चालणारा, गाठ सोडवून न दाखवणारा एखादा चित्रपट पाहा. फ्लॅशबॅक सुरू झाला की तो दिग्दर्शकाचा आहे, तुमच्या माणसाचा नाही, एवढे मनाला बजावा. आत काय चालते ते खरोखर जाणायचे असेल तर पुस्तक घ्या, शक्यतो लहान, आणि जमले तर कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. माझा कल कोठे आहे ते एव्हाना लपलेले नाही, तरी तो एका बहिणीच्या एका वाक्यामुळे झालेला आहे हे लक्षात घ्यावे. दुसऱ्या कोणाला खरोखरच चित्रे दिसत असतील, आणि तशी माणसे असतात असे डॉक्टर सांगतात, तर त्याच्या घरच्यांना माझा सल्ला उलटा पडेल.

बैठक आता वर्षातून दहा वेळा होते. जुलै आणि ऑगस्टमध्ये आम्ही काहीच ठेवत नाही. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५० फुटांपलीकडे गेले होते, आणि त्या दोन महिन्यांत अक्काचा फोन आला की ती पहिल्यांदा विचारते, "आयर्विनला किती झालं?" आम्ही फूट सांगतो. ती बरं म्हणते आणि फोन ठेवते.